वाघर कुणाच्या रानात?

[दृश्य: पट्टणकोडोलीचं शिवार. पीक निघालेलं रान, वाघरीत (मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात) बसलेली मेंढरं.]

या रानात मेंढरं रानाच्या मालकानंच बसवलीत. लेंडीखत मिळतं म्हणून तो धनगराला पैसे नाहीतर धान्य देतो. हाच कळप वाघर ओलांडून शेजारच्या शाळूत (रब्बी ज्वारीत) शिरला, की देणेकरी धनगर. मेंढरं तीच, फरक परवानगीचा.

‘दावं तुटलं, मी तरी काय करू?’ बांधावरच्या भांडणात हे हमखास ऐकू येतं. इंग्लंडच्या न्यायालयांत घडून आपल्याकडे आलेल्या अपकृत्य कायद्यात, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई द्यायला लावणाऱ्या कायद्यात, या सबबीला फारसं वजन नाही. म्हैस, शेळी, मेंढी मोकळी सुटली की पिकात तोंड घालणारच, हे पाळणाऱ्याला ठाऊक असतं असं हा कायदा धरून चालतो. हलगर्जीपणा सिद्ध करायची गरज नाही. कुत्र्याचं मात्र वेगळं. ते चावरं आहे हे मालकाला आधी माहीत होतं का, असं जुन्या निकालांत विचारलं जाई.

[दृश्य: रस्त्यानं चाललेला कळप, दोन्ही बाजूंना ऊस.]

रस्त्यानं नेत असलेल्या जनावराला थोडी सूट आहे. इंग्लंडात स्टॅमफर्ड गावी एक बैल हाकलत नेताना लोखंडी सामानाच्या दुकानात घुसला. त्याला बाहेर काढता काढता पाऊण तास गेला! १८८२ साली न्यायालयानं मालकाला सोडलं, कारण हाकणाऱ्याची चूक नव्हती आणि रस्त्याकडेला राहणाऱ्यानं रहदारीचा एवढा धोका सोसायचाच. पण कळप रस्त्यावर सोडून हाकणारा चहाला बसला असेल, तर ही सूट मागता येणार नाही.

[दृश्य: कोंडवाड्याचं फाटक.]

गुरांच्या घुसखोरीबद्दलच्या १८७१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला एक हक्क दिला: रानात शिरून नुकसान करणारं जनावर धरायचं आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायचं. त्या कायद्यातल्या ‘गुरां’च्या यादीत हत्तीसुद्धा आहे. तो धरून कोंडवाड्यापर्यंत न्यायचा कुणी, हे मात्र लिहिलेलं नाही. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात कोंडवाड्याची कलमं आली. जनावर धरायचा हक्क म्हणजे त्याला मारायचा, विकायचा किंवा दावणीला ठेवून घ्यायचा हक्क नव्हे.

दाजीपूरच्या जंगलातला गवा उसात उतरला, तर धरायला मालकच नाही. तिथे भरपाईचा अर्ज वन विभागाकडे.

कोंडवाड्याचा दंड शेतकऱ्याच्या खिशात येत नाही. पिकाची भरपाई तडजोडीनं मिळाली तर ठीक, नाहीतर वेगळा दिवाणी दावा. तिथे पहिला प्रश्न येतो तो नुकसानीचा: किती शाळू गेला आणि कशावरून? म्हणून जनावर हुसकावण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा, शेजारच्या रानातल्या दोघांना बोलवावं, आणि काय खाल्लं, काय तुडवलं ते त्याच दिवशी लिहून त्यांच्या सह्या घ्याव्यात. आठवडाभरानं शाळू पुन्हा उभा राहिलेला असतो, नाहीतर शेतकऱ्यानं कापून नेलेला.