ज्यांना विसर पडला नाही

(दृश्य: आइसलँडचा किनारा. मग संगणकाचा पडदा, त्यावर सरकणाऱ्या अक्षरांच्या ओळी.)

अल्झायमरवर काम करणारे बहुतेक जण रुग्णाकडे बघतात, आणि ते साहजिकच आहे. १९०६ मध्ये आलोईस अल्झायमर यांनी जगापुढं मांडलं तेही एका मृत रुग्णेच्या मेंदूत दिसलेलंच: पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेला गुंता. थर अमायलॉइड-बीटाचे आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे कळायला पुढची ऐंशीएक वर्षं गेली.

रेकयाविकमधल्या संशोधकांनी मात्र दुसऱ्या बाजूनंही बघितलं. पंच्याऐंशी ओलांडूनही ज्यांची स्मृती शाबूत आहे, त्यांच्यात वेगळं काय आहे?

त्यांच्या हाताशी १,७९५ आइसलँडवासीयांचे पूर्ण वाचलेले जीनोम, म्हणजे प्रत्येकाचा सगळा डीएनए, होते. आता वाचलेले म्हणजे काय, तर यंत्र डीएनएचे शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं आणि संगणक ते तुकडे तुलनेसाठी ठरवलेल्या एका संदर्भ-जीनोमवर जुळवून बसवतो. एकूण अक्षरं तीनशे कोटी. त्यात कुणाही माणसाचं संदर्भाशी चाळीस-पन्नास लाख ठिकाणी जुळत नाही, आणि यातलं जवळजवळ सगळं निरुपद्रवी. जैवमाहितीशास्त्राचं निम्मं कौशल्य शोधण्यात नाही, टाकून देण्यात आहे. कोणता बदल प्रथिन बदलतो? तो रुग्णांत जास्त आढळतो की निरोग्यांत? एकेक चाळणी लावत जायचं.

(दृश्य: फाइलमधली एक ओळ मोठी होते.)

चाळून उरलेली ही एक ओळ. गुणसूत्र २१, एपीपी हे जनुक. अमायलॉइड ज्या प्रथिनातून कापून निघतो, ते प्रथिन याच जनुकाचं. फाइलमध्ये ‘सी’च्या जागी ‘टी’ दिसतो. डीएनएचे धागे दोन, ‘सी’समोर ‘जी’ आणि ‘टी’समोर ‘ए’. फाइल एकच धागा लिहिते, आणि हे जनुक उलट्या धाग्यावर असल्यामुळं प्रत्यक्षात ‘जी’चा ‘ए’ झालेला असतो. नवख्यांची इथं हमखास फसगत होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या एका अक्षरानं तिच्यातलं ६७३ व्या जागचं अॅलानिन जातं आणि थ्रिओनिन येतं. कात्री लागते ती जागा अगदी शेजारी, ६७१ आणि ६७२ च्या मध्ये. परिणाम? प्रयोगशाळेतल्या पेशींत अमायलॉइडची निर्मिती सुमारे ४० टक्क्यांनी घटली. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

गंमत पुढं आहे. त्याच जागेवर, पण लगतचं अक्षर बदललं, तर अॅलानिनच्या जागी व्हॅलिन येतं. इटलीतल्या एका कुटुंबात ते २००९ मध्ये सापडलं होतं. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आला, तर माणसाला तरुण वयातच स्मृतिभ्रंश. एका अक्षरानं आजार टळतो, शेजारच्या अक्षरानं तो लवकर गाठतो.

(दृश्य: कोलंबिया. मेडेयीनभोवतीचे डोंगर.)

इथं मेंदूविकारतज्ज्ञ फ्रान्सिस्को लोपेरा यांनी अनेक दशकं एका मोठ्या कुळाचा पाठपुरावा केला. प्रेसेनिलिन-१ जनुकातला दोष ज्यांच्याकडं आहे, त्यांची स्मृती चव्वेचाळिशीच्या आसपास ढासळू लागते. पण एक बाई सत्तरीपर्यंत ठीकठाक होत्या. एकाच व्यक्तीवर संख्याशास्त्र चालत नाही, म्हणून त्यांची जनुकं वाचून दुर्मीळ बदल हुडकावे लागले. एपीओई जनुकाच्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ नावाचा बदल निघाला. मेंदूच्या पेट-स्कॅनमध्ये अमायलॉइड भरपूर होता, टाऊ मात्र फारसा नव्हता. २०१९ मधल्या या नोंदीनं अमायलॉइडलाच एकमेव गुन्हेगार ठरवणाऱ्यांना थोडं थांबायला लावलं, आणि ते बरंच झालं.

आता आपल्याकडं. अशा अभ्यासांतले जीनोम बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे. एपीओई जनुकाच्या एपीओई-४ या प्रकारानं अल्झायमरचा धोका किती वाढतो, हेसुद्धा वंशानुसार बदलतं. जीनोमइंडिया प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार जणांचे जीनोम वाचले गेले. जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. पण आजींना पंच्याऐंशीव्या वर्षी नातवंडांची नावं आठवतात का, हे जीनोमच्या फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

(दृश्य: कर्नाटकातलं गाव, ओसरीवर बसलेली वडीलधारी मंडळी.)

त्यासाठी कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात बंगळुरूचं मेंदू संशोधन केंद्र पंचेचाळिशी पार केलेल्या गावकऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास करतंय: स्मरणशक्तीच्या चाचण्या, रक्त, एमआरआय, जनुकं. पुन्हा पुन्हा, त्याच माणसांचं. आज पन्नाशीत असलेला शेतकरी ऐंशीचा होईपर्यंत त्याच्या जीनोमच्या कितीतरी ओळींपुढचा रकाना रिकामाच राहणार आहे.