कुठून, कधी, किती वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. गुढीपाडवा होता. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, साखरेच्या गाठी मुलांनी फस्त केल्या होत्या, आणि उकाड्यामुळं विदर्भातली निम्मी माणसं गच्चीवर नाहीतर अंगणात येऊन बसली होती. पावणेआठच्या सुमाराला आकाशातून आगीचे पट्टे जाताना दिसले. एकामागोमाग एक, सगळे एकाच दिशेनं, मागं शेपट्या सोडत, वरात निघावी तसे सावकाश. विदर्भात दिसले, खानदेशात दिसले, पार मध्य प्रदेशातही दिसले.

मी तेव्हा घरात होतो. मला ते दिसलं नाही. जे कळलं ते लोकांनी एकमेकांना सांगितलं, पाठवलं, त्यावर वाद घातले, त्यातून कळलं. आज मला बोलायचं आहे ते या सांगण्याबद्दलच. काही नवल दिसलं की ते लगेच चार माणसांना सांगावंसं वाटतं. पूर्वी आपण पारावर जाऊन सांगायचो, आता फोनवर सांगतो. ही ओढ फार मोलाची आहे असं मला मनापासून वाटतं. पण नवल सांगायचं कसं, हे मला वयाच्या साठीनंतर, त्या एका रात्रीत कळलं.

आमच्या दहावीच्या वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चाळीसेक जण आहोत. कोणी जळगावला, कोणी अकोल्याला, वर्ध्याला, नागपूरला. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि नातवंडांचे फोटो. त्या रात्री मात्र दहा मिनिटांत साठ मेसेज आले. उल्का आहेत. उपग्रह पडला. क्षेपणास्त्र असणार. परग्रहावरचं यान आहे, सरकार सांगणार नाही. तेवढ्यात दुसऱ्या एका ग्रुपवरून माझ्याकडे मेसेज आला, ‘चंद्रपूरजवळ विमान कोसळलं.’ सोबत त्याच जळत्या पट्ट्यांचा व्हिडिओ. मी तो वाचला आणि पाच ठिकाणी पाठवून दिला. त्या पाचांत आमच्या कॉलनीचा ग्रुपही होता.

पाच मिनिटांत शेजारच्या वहिनींचा फोन आला. त्यांचा मुलगा त्याच संध्याकाळी पुण्याहून विमानानं नागपूरला यायला निघाला होता. “भाऊजी, तुम्हाला कुठून कळलं हो? कोणतं विमान?” मला उत्तर देता येईना. कुठून कळलं होतं मला? ज्यानं पाठवलं त्याला तरी कुठून कळलं होतं? मुलाचा फोन लागत नव्हता. मी चप्पल पायात सरकवून त्यांच्याकडे गेलो. टीव्हीवर काही नव्हतं. चाळीस मिनिटं आम्ही समोरासमोर बसून होतो आणि त्या मांडीवर ठेवलेला फोन पुन्हा पुन्हा उलटा-सुलटा करून बघत होत्या. मग फोन वाजला. “आई, उतरलो. बॅग यायचीय.”

वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि सणाचं श्रीखंड वाटीत घालून माझ्यापुढं ठेवलं. माझ्या घशाखाली घास उतरेना.

त्या चाळीस मिनिटांत मला राईनपाडा आठवत होतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. कोणत्या गावातली मुलं, कोणत्या दिवशी, कोणी पाहिलं, यातलं एक अक्षरही त्यांत नसायचं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजाराच्या दिवशी तिथं आले आणि जमावानं त्यांना ठार मारलं. पाच घरं उघडी पडली. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मीही त्या रात्री बरोबर पाचच ठिकाणी पाठवला होता. मर्यादा पाळून घाबरवलं होतं एका आईला.

घरी आलो, वर्गाचा ग्रुप उघडला, तर तिथं वेगळंच चाललं होतं.

आमच्या वर्गातली एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. आम्ही सगळे तिला ‘बाई’च म्हणतो. बाईंनी लिहिलं होतं, “काय होतं ते कोणी सांगू नका. काय दिसलं ते सांगा. कुठं उभे होतात? घड्याळात किती वाजले होते? कोणत्या बाजूनं येऊन कोणत्या बाजूला गेलं? किती वेळ दिसत होतं? आणि हात समोर ताठ धरून मूठ वळा. क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते आठवून मोजा.”

ही मुठीची युक्ती घरी करून बघा. ताठ धरलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते. एकावर एक नऊ मुठी रचल्या की आपण क्षितिजापासून बरोबर डोक्यावर येतो. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही तेवढाच आखूड, त्यामुळं हिशेब फारसा चुकत नाही. ना दुर्बीण लागते, ना कोणतं ॲप.

मग उत्तरं यायला लागली. जळगावचा मित्र म्हणाला, उत्तरेला दिसलं, डावीकडून उजवीकडे गेलं. अकोल्याच्या मैत्रिणीनंही उत्तरच सांगितली. नागपूरचा म्हणाला, छे, दक्षिणेला होतं. जुंपली की दोघांची. शाळेत जुंपायची तशीच. तुला दिशा कळत नाहीत, तुलाच कळत नाहीत. बाई मध्ये पडल्या. “भांडू नका. दोघांचंही बरोबर आहे. म्हणजे ते जळगावच्या वरून आणि नागपूरच्या खालून गेलं.”

श्रोतेहो, हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही. दोन माणसांचं पटत नाही म्हटल्यावर आपण म्हणतो, एक जण खोटं बोलतोय. इथं दोघांचं न पटणं हीच तर खरी माहिती होती. बाईंनी शाळेच्या नकाशावर पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढली आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकला. रेघ पश्चिमेकडून पूर्वेला जाता जाता खाली झुकत होती आणि चंद्रपूर जिल्ह्याकडे टेकत होती.

वेळही जुळली. पण बाईंना सगळ्यात मोलाचं वाटलं ते ‘किती वेळ’ याचं उत्तर. कोणी अर्धा मिनिट म्हणालं, कोणी मिनिटभर. व्हिडिओ काढण्याइतका वेळ तर सगळ्यांनाच मिळाला होता. बाहेरच्या अवकाशातून येणारी उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर या वेगानं वातावरणात घुसते आणि बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत संपते. ‘ती बघ’ म्हणेपर्यंत गेलेली असते. पृथ्वीभोवती फिरणारा एखादा तुकडा खाली येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर असतो आणि तो जवळजवळ आडवा घुसतो. म्हणून तो सावकाश जाताना दिसतो, वाटेत त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे एका रांगेत चालत राहतात. बाईंनी लिहिलं, “ही उल्का वाटत नाही. माणसानं वर पाठवलेलं काहीतरी परत आलंय.”

आणखी एक गंमत सांगतो. आमच्यातल्या सहा-सात जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘आमच्या मागच्याच शेतात पडलं.’ ते थापा मारत नव्हते. जळणारी वस्तू ८० किलोमीटर उंचीवर असली तर तीन-चारशे किलोमीटर लांबूनही दिसते, फक्त क्षितिजाजवळ दिसते. एक मूठ वर. मग ती झाडांमागं जाते आणि डोळ्याला वाटतं, इथंच पडली. वर्ध्याचा मित्र बॅटरी घेऊन रात्री शेत धुंडाळून आला बिचारा.

एका गावात मात्र ते खरंच पडलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात. जवळपास तीन मीटर व्यासाचं, धातूचं एक भलं मोठं कडं. गावकऱ्यांनी पोलिसांना कळवलं. पुढं त्याच तालुक्यात धातूचे पोकळ गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन ते सगळं पाहून गेले. तेव्हा अमेरिकेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल अशा वस्तूंच्या कक्षांची नोंद ठेवतात. भारतातले व्हिडिओ पाहून त्यांनी सांगितलं, हा चीनच्या चांग चंग ३बी या अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडला होता आणि त्या सुमारालाच खाली येणं अपेक्षित होतं. त्यांनी मार्ग ताडून पाहिला तो लोकांच्या व्हिडिओंशी. ज्या व्हिडिओंसोबत गाव आणि वेळ होती, तेच अशा वेळी उपयोगी पडतात.

असे गोळे सगळं जळून गेलं तरी का उरतात? ते बहुतेक दाबाखालचा वायू साठवायच्या टाक्या असतात. टायटॅनियमसारख्या धातूच्या, जो वितळायला १,६०० अंशांहून जास्त उष्णता लागते. शिवाय आतून पोकळ आणि हलक्या, त्यामुळं हवेत लवकर मंदावतात. कधी तुमच्या शेतात असं काही सापडलं तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. काही टाक्यांत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लांबूनच फोटो काढा आणि पोलीस ठाण्यात कळवा.

बाईंनी जे केलं ते २०० वर्षांपूर्वी एका माणसानं गावोगाव फिरून केलं होतं. तोवर आकाशातून दगड पडतात असं म्हणणारा शेतकरी अडाणी समजला जायचा. फ्रान्समध्ये १७६८ मध्ये ल्यूसे गावात लोकांनी दगड पडताना पाहिला, पण लाव्हाझियेसारख्या थोर शास्त्रज्ञाचा सहभाग असलेल्या समितीनं ठरवलं की तो जमिनीवरचाच दगड आहे, त्यावर वीज पडली असावी. मग २६ एप्रिल १८०३ ला नॉर्मंडीतल्या लेग्ल गावाजवळ भर दुपारी सुमारे ३,००० दगड कोसळले. सरकारनं चौकशीला जाँ-बातिस्त बिओ या २९ वर्षांच्या शास्त्रज्ञाला पाठवलं. हा पठ्ठ्या आधी लांबच्या गावांत गेला. आवाज कधी ऐकलात, कोणत्या बाजूनं, आकाश निरभ्र होतं का? शेतमजूर, बाया, पाद्री, सगळ्यांना तेच प्रश्न. एकमेकांना न भेटलेली माणसं एकच हकिकत सांगत होती. दगड कुठं कुठं पडले ते त्यानं नकाशावर मांडलं तर एक लांबट वर्तुळ तयार झालं. त्या अहवालानंतर फ्रान्समधल्या विद्वानांना मान्य करावं लागलं की शेतकरी खरं बोलत होते.

मला बिओचं फार कौतुक वाटतं. त्याच्या आधीच्यांनी दगड तपासला होता, त्यानं माणसांना विचारलं.

आपल्या काटोलची गोष्ट तर घरचीच. २२ मे २०१२, नागपूर जिल्हा, रणरणती दुपार. मोठा आवाज झाला आणि काटोल परिसरात आकाशातून दगड पडले. लोकांनी ते उचलून ठेवले, दाखवले, भूवैज्ञानिकांच्या हाती दिले. पुढं त्यातल्या एका तुकड्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं. पृथ्वीच्या पोटात, साधारण ६६० किलोमीटरच्या खाली, सगळ्यात जास्त प्रमाणात असलेलं हे खनिज. तिथवर आपण कधी खणू शकणार नाही, आणि ते आलं काटोलच्या मातीत. लोकांनी ते दगड कुठं आणि केव्हा मिळाले हे सांगितलं नसतं, कुणी ते देव्हाऱ्यात ठेवून दिले असते, तर यातलं काहीच कळलं नसतं.

त्या पाडव्यानंतर मी एक वही केली आहे. फोनवर काही नवल आलं की पुढं पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला विचारतो, तू स्वतः पाहिलंस का? कुठून? कधी? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मला पण आलंय.’ मग ते माझ्याकडेच थांबतं. आणि उत्तर आलं तर वहीत उतरतं. आठवड्यातून एकदा ती वही घेऊन मी वहिनींकडे चहाला जातो. त्या चष्मा लावून वाचतात आणि माझ्या हातून सुटलेले प्रश्न विचारतात.

मध्यंतरी एका संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. काळ्या आकाशात दिव्यांची एक सरळ माळ, मोती ओवावेत तशी. खाली कुणीतरी घाईनं लिहिलं, ‘यान!!’ मी उत्तर लिहायला घेतलं. स्टारलिंकचे उपग्रह नवे सोडले की काही दिवस असेच ओळीनं दिसतात, हे मला बाईंनीच सांगितलं होतं. माझं टाइप करून व्हायच्या आत वर्ध्याचा मित्र, तोच बॅटरी घेऊन शेतात गेलेला, त्याचा मेसेज येऊन पडला:

“वर्धा. गच्ची. सात वाजून बारा मिनिटं. पश्चिमेकडून ईशान्येला. चार मुठी वर. मी स्वतः पाहिलं. अजून कोणाला दिसलं?”

नमस्कार.