थांबता येत असेल, तर

[दृश्य : पांढरा प्लास्टिकचा पाट, अगदी जवळून]

पडद्यावर दिसतोय तो पाट नवजात बाळाच्या मापाचा आहे. डोक्यासाठी खळगा, दोन्ही हातांना आणि दोन्ही पायांना पट्टे. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत मुलाची सुंता करताना बाळाला यावर बांधतात. बाळ जेमतेम एक-दोन दिवसांचं असतं.

यापुढचा भाग सहसा आई-वडिलांना सांगितला जात नाही. नवजात मुलाची अग्रत्वचा, म्हणजे शिश्नाच्या टोकावरची कातडी, आतल्या भागाला चिकटलेली असते. नख बोटाला चिकटलेलं असतं, तशी. त्यामुळे कापण्याआधी एक बोथट सळई आत घालून, गोल फिरवून, ती कातडी सोडवावी लागते. मग चाप लावून ती दाबून धरतात आणि कापतात. विसाव्या शतकात बराच काळ हे सगळं भूल न देताच चालायचं. इतक्या लहान जिवाला दुखत नाही, असं डॉक्टरही मानत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं वेदना कमी करणारं औषध द्यायलाच हवं असं सांगितलं ते १९९९ साली.

आणि ही चिकटलेली कातडी हा आजार नाही. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं १९४९ साली मुलांची तपासणी करून दाखवून दिलं की जन्मतः जेमतेम ४ टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे सरकते. बाकीच्यांची वाढत्या वयात आपोआप सुटते. त्यानंतर ब्रिटनमध्ये नवजात मुलांची सरसकट सुंता झपाट्यानं कमी झाली. अमेरिकेत मात्र ती चालूच राहिली. तिथे एकोणिसाव्या शतकात तिचा प्रसार करणाऱ्यांत जॉन हार्वे केलॉगसारखे डॉक्टर होते. मुलांचं हस्तमैथुन थांबावं म्हणून सुंता करा, आणि भूल न देता करा, म्हणजे ती वेदना शिक्षेसारखी लक्षात राहील, असा त्यांचा सल्ला होता. कारण कधीच मागे पडलं, प्रथा राहिली.

[दृश्य : काळा पडदा, फक्त आवाज]

आता मुलींकडे वळू. इथे आम्ही चित्र दाखवणार नाही.

युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार, जननेंद्रियं कापली गेलेल्या २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया आज हयात आहेत. त्यातल्या १४ कोटींहून अधिक आफ्रिकेत, सुमारे ८ कोटी आशियात. जागतिक आरोग्य संघटना या प्रथेचे चार प्रकार करते. कुठे शिश्निका (क्लिटोरिस) किंवा तिच्यावरची कातडी कापतात, कुठे आतले भगोष्ठ, म्हणजे योनीमुखाच्या दोन्ही बाजूंच्या कातडीच्या घड्याही. तिसऱ्या प्रकारात उरलेल्या कडा एकमेकींना जोडून, लघवी आणि पाळीसाठी एक बारीक भोक ठेवून, बाकी सगळं बंद करतात. जखम सांधावी म्हणून मुलीचे पाय काही आठवडे बांधून ठेवतात. हीच मुलगी मोठी होते, तिचं लग्न होतं, तेव्हा ते पुन्हा उघडलं जातं, कधी पात्यानं, कधी नवऱ्याच्या जोरानं. बाळंतपणात पुन्हा कापलं जातं. दर वेळी रक्तस्राव, दर वेळी जंतुसंसर्ग. बाळ अडून आई आणि बाळ दोघंही दगावण्याचा धोका वेगळाच.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुलीला असं शिवून टाकणं आणि रुग्णालयातली मुलाची सुंता यांतली हानी सारखी नाही. ती सारखी आहे असं म्हणणं या स्त्रियांवर अन्याय करणारं ठरेल.

पण चौथा प्रकार बघा. त्यात काहीच कापून काढलेलं नसतं. टोचणं, ओरखडा काढणं, डागणं, इतकंच काय, सुईनं रक्ताचा एक थेंब काढणंही त्यात येतं. २०१० साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सुचवलं होतं की मोठी इजा टळत असेल, तर डॉक्टरांना मुलीला असं नुसतं टोचण्याची परवानगी असावी. जगभरातून इतका संताप उसळला की काही आठवड्यांतच ती सूचना मागे घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठानं २०१९ साली निकाल दिला की मुलीच्या शिश्निकेला किंचित चीर देणं हाही गुन्हाच आहे.

हे दोन्ही निर्णय आम्हाला योग्य वाटतात. मुलीचं शरीर तिचं आहे, आणि कारण नसताना तिथे सुईसुद्धा लागू नये. मग ज्या सुंतेत शरीराचा भाग कायमचा निघून जातो, ती मुलाची सुंता याच न्यायानं का तपासायची नाही? हानी कमी आहे, हे उत्तर पुरत नाही. टोचण्यातली हानी त्याहून कमी असते.

[दृश्य : कोलोन शहरातलं न्यायालय]

जर्मनीत हा प्रश्न एकदा थेट न्यायालयात आला. चार वर्षांच्या मुलाची धार्मिक कारणासाठी सुंता झाली. दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू झाला आणि त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. ७ मे २०१२ रोजी कोलोनच्या न्यायालयानं म्हटलं की पालकांची संमती असली, तरी ही मुलाच्या शरीराला केलेली इजाच आहे. कायदा तोवर अस्पष्ट होता, म्हणून डॉक्टर निर्दोष सुटला. देशभर वादळ उठलं. ज्यू आणि मुस्लीम संघटना एकत्र येऊन विरोधात उभ्या राहिल्या. त्याच वर्षी १२ डिसेंबरला जर्मन संसदेनं ४३४ विरुद्ध १०० मतांनी कायदा करून मुलांच्या सुंतेला परवानगी दिली.

हा विरोध समजून घ्यायला हवा. ज्यू परंपरेत आठव्या दिवशीची सुंता हा ज्यूंचा मूळपुरुष अब्राहम यानं ईश्वराशी केलेल्या कराराचा भाग आहे. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात अँटिओकस चौथा या राजानं तिच्यावर बंदी घातली, आणि मुलांची सुंता करवणाऱ्या मातांना ठार मारलं गेलं, असं ज्यूंच्या इतिहासग्रंथांत लिहिलेलं आहे. ज्या देशानं साठ लाख ज्यूंचा संहार केला, त्याच देशातलं न्यायालय सुंतेला इजा म्हणतं, तेव्हा तो समाज धास्तावणारच. सुंतेला विरोध करणाऱ्यांत ज्यू-मुस्लिमांचा द्वेष करणारेही असतात. त्यांच्याशी आमचं काही देणंघेणं नाही.

तरीही करार मोठ्यांचा आहे आणि शरीर बाळाचं, हे उरतंच.

आरोग्याचा मुद्दाही पुढे येतो. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं की सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो. हे खरं आहे, आणि तिथे त्याचा उपयोगही झाला. पण त्या चाचण्यांतले पुरुष स्वतः होकार देऊन आले होते. बाळाला हा धोका नसतो; तो येईल त्या वयात निर्णय त्याचा त्याला घेता येतो. बाळपणातला फायदा म्हणून मूत्रमार्गाच्या संसर्गाचं नाव घेतात. शंभराहून अधिक मुलांची सुंता करावी, तेव्हा एकाचा संसर्ग टळतो, आणि तो प्रतिजैविकांनी बरा होतो. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१० साली हा सगळा हिशेब मांडून, आजार नसताना लहान मुलांची सुंता करू नये, अशीच भूमिका घेतली.

[दृश्य : विनिपेग, कॅनडा. बर्फातला रस्ता]

डेव्हिड रायमरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९६५ साली जन्मलेली जुळी मुलं. लघवीला त्रास होतो म्हणून आठव्या महिन्यात सुंता ठरली. डेव्हिडची शस्त्रक्रिया विजेच्या उपकरणानं केली गेली आणि त्याचं शिश्न जळून गेलं. भावाची सुंता मग रद्द झाली, आणि त्याचा त्रास काही न करता आपोआप बरा झाला.

जॉन मनी या मानसशास्त्रज्ञानं आई-वडिलांना सल्ला दिला की याला मुलगी म्हणून वाढवा. दोन वर्षांचा व्हायच्या आतच त्याची वृषणंही काढली. मनीनं जगाला सांगितलं, प्रयोग यशस्वी झाला. मूल मात्र ते कधीच स्वीकारत नव्हतं. चौदाव्या वर्षी खरं कळल्यावर डेव्हिड मुलगा म्हणून जगू लागला. २००४ साली, ३८ व्या वर्षी, त्यानं आत्महत्या केली.

त्या खोट्या यशाच्या आधारावर कितीतरी आंतरलिंगी बाळांवर शस्त्रक्रिया झाल्या. शरीर मुलाचं की मुलीचं हे चटकन ठरत नाही अशी ही बाळं. बहुतेकांना काही आजार नव्हता. त्यांचं वेगळेपण मोठ्यांना बघवत नव्हतं, एवढंच. युरोपातल्या माल्टा या देशानं २०१५ साली कायदा करून हे थांबवलं. त्या कायद्याची कसोटी साधी आहे : मूल स्वतः समजून संमती देईपर्यंत जे उपचार पुढे ढकलता येतात, ते आधी करायचे नाहीत. लघवीचा मार्गच बंद असेल, तर शस्त्रक्रिया करा. नसेल, तर थांबा. आमचं सगळं म्हणणं या एका कसोटीत येतं, आणि ती मुलगी, मुलगा, आंतरलिंगी मूल, तिघांनाही लावावी.

पण कसोटी कायद्यात लिहिली की प्रथा थांबते, असं नाही. १९५६ साली केनियातल्या मेरू भागात पुरुषांच्या पंचायतीनं मुलींची सुंता बंद केली. त्यामागे ब्रिटिश अधिकाऱ्यांचाही हात होता. मुलींनी काय केलं? पाती विकत घेतली आणि रानात जाऊन एकमेकींना कापलं. तीन वर्षांत २४०० हून अधिक जणांवर खटले भरले गेले.

[दृश्य : सेनेगलमधलं गाव, झाडाखाली बसलेल्या बायका]

सेनेगलमध्ये उलट घडलं. मालिकुंडा बांबारा या गावातल्या बायका आरोग्य आणि हक्कांच्या वर्गात शिकत होत्या. ३१ जुलै १९९७ रोजी त्यांनीच जाहीर केलं की आमच्या मुलींना आम्ही कापणार नाही. शेजारच्या गावातले वयोवृद्ध इमाम देम्बा दियावारा यांनी त्यातली अडचण ओळखली. एकाच गावानं सोडून भागणार नाही. लग्नं दुसऱ्या गावांत होतात, न कापलेल्या मुलीला तिथे सून कोण करून घेईल? मग ते पायी गावोगाव फिरले, नातेवाइकांशी बोलले. १९९८ च्या फेब्रुवारीत तेरा गावांनी एकत्र शपथ घेतली. देशाचा कायदा आला त्यानंतर, १९९९ साली.

मुलांच्या सुंतेबाबतही असं बोलणं आतूनच सुरू होतंय. काही ज्यू कुटुंबं आठव्या दिवशी बाळाचं नाव ठेवतात, प्रार्थना म्हणतात, पण कापत नाहीत. अशी कुटुंबं आज थोडी आहेत. पण त्यांच्या मुलाचं ज्यू असणं त्यामुळे जात नाही. ज्यू आईच्या पोटी जन्मलेलं मूल सुंता नसली तरी ज्यूच, असं त्यांचं धर्मशास्त्रच सांगतं. आणि वडिलांनी ते कर्तव्य केलं नाही, तर मोठा झाल्यावर ते त्या मुलाचं स्वतःचं होतं, हेही त्याच धर्मशास्त्रात लिहिलेलं आहे.