गाणं पुढे कुणाच्या हाती जातं

(गोव्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला दिलेला विषय असा: आजच्या गाण्यांना जुन्या गाण्यांची सर येईल का? समोरच्या दोन रांगांतले केस बघता उत्तर आधीच ठरलेलं दिसतंय आणि मला त्यावर शिक्का मारायला बोलावलंय. शिक्का मी मारीन, पण अर्धाच.

एक भांडण सुरुवातीलाच बाजूला ठेवू. पन्नास-साठच्या दशकांतसुद्धा टाकाऊ गाणी ढिगाने निघाली. ती आपण विसरलो, म्हणून तो काळ एवढा स्वच्छ दिसतो. शिवाय सोळाव्या वर्षी ऐकलेलं गाणं ज्याला त्याला शेवटचं चांगलं गाणं वाटत असतं. तेव्हा चांगलं-वाईट राहू दे. आपण प्रभावाबद्दल बोलू.

प्रभाव मोजायचा कशाने? हल्लीची मुलं मोबाइल पुढे करून आकडा दाखवतात: इतके कोटी व्ह्यूज. पण गाणं किती लांब गेलं यावरच ठरवायचं असेल, तर पहिला नंबर आपल्या केरी गावाला द्यावा लागेल. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सूर्यमाला ओलांडून गेलेला गोमंतकीय आवाज! आता खरं सांगा, या सभागृहात ती भैरवी किती जणांनी ऐकली आहे? बघा, हात मोजायला बोटंसुद्धा जास्त होतायत.

दुसरं उदाहरण हणजुण्याचं. नव्वदच्या दशकात तिथल्या किनाऱ्यावर जे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत घडलं त्याला जग 'गोवा ट्रान्स' म्हणतं. इस्रायलपासून जपानपर्यंत त्या नावाने लोक नाचले. नाव आपल्या भूमीचं, पण आपल्या वाड्यावरच्या कुणी त्यातली एक ओळ कधी गुणगुणल्याचं मला माहीत नाही. त्यात ओळी नसतात ही गोष्ट वेगळी.

म्हणून माझी फूटपट्टी निराळी आहे. गाणं मूळ गायकाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या कामाला किती आलं? आईने मूल निजवायला वापरलं, बँडवाल्याने वरातीत वाजवलं, भजनी मंडळाने त्याची चाल उचलली, एखाद्या पोराने त्यावर पेटी शिकायला घेतली, तर त्याचा प्रभाव पडला असं मी म्हणतो. नुसतं ऐकणारे कोट्यवधी असले तरी ते या हिशेबात धरत नाही.

या पट्टीने जुनी गाणी पुढे आहेत, यात वादच नाही. मात्र का पुढे आहेत याचं जे कारण आपण एरवी सांगतो, ते मला पुरेसं वाटत नाही. आपण म्हणतो, तशी माणसं आता होणार नाहीत. माणसं मोठी होतीच. पण व्यवस्था बघा. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी आटली. शास्त्रीय संगीताचा माणूस, त्याला वाटलं देशाचे कान सुधारावेत. देशाने सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, बुधवारी रात्री आठला. आपल्याकडे तेव्हा पोर्तुगीज राज्य. पणजीहून एमिसोरा द गोवा चालायचं, त्यावरही हिंदी गाणी लागत. वाड्यावर रेडिओ एखाद-दुसरा. ज्याच्याकडे असेल त्याच्या बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बाकीच्यांनी बसायचं. गाणं कुठलं लागेल हे कुणाच्याच हातात नाही. आवडो न आवडो, आजोबांनी आणि नातवाने तेच ऐकायचं.

पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, आठवड्याला एक गाणं, अधिक महिना धरून वर्षभरात छप्पन्न. एक गाणं झाल्यावर पुढच्यासाठी आठवडाभर थांबायचं. त्या आठवड्यात ते गाणं माणसाच्या डोक्यात मुरत असे. लोकांनी रेडिओला हार घातल्याच्या आठवणी सांगतात. ते गाणं उत्तम होतं म्हणून टिकलं हे खरं, आणि त्या आठवड्यात त्याच्याशी स्पर्धा करायला फारसं काही नव्हतं हेही तितकंच खरं. आज स्ट्रीमिंगवर दिवसाला लाखाच्या घरात नवी गाणी चढतात. गदिमा आणि बाबूजी आज जन्मले तरी त्यांना तो आठवडा मिळणार नाही.

म्हणजे प्रभावाचा एक हिस्सा टंचाईने दिलेला होता. ती टंचाई परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. मंत्र्याने ठरवावं आणि मी ऐकावं, हा सौदा मला नको. पण त्या काळात दुसरी एक गोष्ट होती. ती टंचाईतून आलेली नव्हती, ती हातांनी कमावलेली होती, आणि ती गोव्याने पुरवली होती. आज मला मुख्य बोलायचंय ते त्याबद्दल.

मुंबईच्या स्टुडिओतले त्या काळचे संगीतकार चाल बांधत, पेटीवर गाऊन दाखवत. पण समोर पन्नास वादक बसलेत, त्यातल्या प्रत्येकाने कुठे सुरू व्हायचं, कुठे थांबायचं, हे कागदावर कोण लिहिणार? तो कागद लिहिणारा आणि वाचणारा माणूस बहुधा आपला असायचा. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, शिकवत. सासष्टीतला, बारदेशातला गरीब घरचा मुलगा दहाव्या-बाराव्या वर्षी नोटेशन वाचायचा. ते काही चित्रपट संगीतासाठी शिकवलं जात नव्हतं, रविवारच्या मिसेला व्हायोलिन वाजवायला माणूस हवा म्हणून. पुढे तीच विद्या घेऊन ही मंडळी पोट भरायला मुंबईला गेली. शंकर-जयकिशनकडे सेबास्टियन डिसोझा. सी. रामचंद्रांबरोबर हळदोण्याचे चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या त्या प्रसिद्ध गाण्यात अंड्यातून बाहेर येऊन अमिताभ जे नाव सांगतो, ते प्यारेलालांच्या या गुरूचं. देशभर पोरं ते नाव ओरडत होती आणि नावाचा धनी कोण हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. जरा डोळ्यांसमोर आणा. दीनानाथ मंगेशीचे, त्यांची मुलगी गातेय, आणि मागे माजोर्ड्याच्या माणसाने लिहिलेलं व्हायोलिन. मंगेशी ते माजोर्डा, नकाशावर अंतर ते केवढं? पण त्या काळच्या गोव्यात हे दोघे एका मांडवात बसले नसते. एकाचं देऊळ, एकाची इगर्ज, म्हणजे चर्च. त्यांची गाठ मुंबईत पडली.

या लोकांचं काम गाण्यात कुठे ऐकू येतं? जिथे शब्द नसतात तिथे. सुरुवातीचा तुकडा, दोन कडव्यांमधला तुकडा. ऑर्केस्ट्रावाले ज्याला 'पीस' म्हणतात तो. जुनं गाणं गुणगुणताना आपण शब्दांआधी तो पीस तोंडाने वाजवतो, लक्षात घ्या. अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकडीत जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. त्यातही या माणसांनी पीसला जागा काढली.

आता आजचा हिशेब बघा. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. त्याआधी ऐकणारा पुढे सरकला तर पदरात काही पडत नाही. मग कोण वीस सेकंदांचं व्हायोलिन ठेवील? गाणं आल्या आल्या गळ्याशीच येतं. जी जागा आपल्या माणसांनी कमावली होती, नेमकी तीच पहिली कापली गेली. माणसं त्याआधीच गेली होती, ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझर आला तेव्हा. एका कीबोर्डवर वीस व्हायोलिनं वाजू लागल्यावर वीस बिऱ्हाडांचं काय झालं, हे आपल्या दक्षिण गोव्यातल्या किती तरी घरांत अजून विचारता येईल.

अजय-अतुल यांना 'सैराट'साठी खरी तंतुवाद्यं हवी होती. २०१६ चा सिनेमा. त्यांनी ध्वनिमुद्रण कुठे केलं? लॉस एंजेलिसला! करमाळ्याच्या मातीतली गोष्ट आणि व्हायोलिन हॉलिवूडचं. मी त्यांना दोष देत नाही, उलट खरं वाद्य हवं असा हट्ट धरला म्हणून कौतुकच आहे. पण कधी काळी ताडदेवला जे मिळायचं त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, यावर आपल्या गोव्यात कुणी अग्रलेख लिहिलेला मला आठवत नाही.

आता तरुण मंडळींच्या बाजूने बोलतो, नाहीतर मागचे बाक उठून जातील. त्याच 'सैराट'चं 'झिंगाट' माझ्या फूटपट्टीवर पास आहे. विसर्जनाला, लग्नात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कुठे नाही वाजलं? हिंदीतही गेलं. संजू राठोडची 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये रील्सवरून आली, आणि मराठी न कळणाऱ्यांनीही तिच्यावर ठेका धरला. हा प्रभावच आहे. जुन्या गाण्यांनी माणसाचे पाय एवढे हलवले नव्हते. फरक इतकाच की पहिली ओळ आणि हाताची स्टेप सगळ्यांना येते, पुढचं कडवं विचारा, कुणाला येत नाही.

आणि कडवं नसलं की काय होतं, ते फोंड्याजवळच्या एका वाड्यावर बघितलं. चवथीच्या आधी घुमट आरत्यांची तालीम चालली होती. घुमटं, म्हणजे कातडं ताणून बसवलेली मातीची वाद्यं, तापवून ठेवलेली. आता बकऱ्याच्या कातडीची, घोरपडीच्या कातडीवर बंदी आल्यापासून जुने वाजवणारे नादाबद्दल कुरकुरतात, ते असो. शामेळ, कासाळी, सगळा संच. पोरांनी एक रीलमधली चाल आणली होती, तिच्यावर आरती बसवायला. धरपद, म्हणजे ध्रुवपद, झकास बसलं. शामेळवाल्याने मान डोलावली. पोरांनी तीच ओळ तिसऱ्यांदा घेतल्यावर म्हातारा घुमटकार हात थांबवून म्हणाला, "हाका अंतरोच ना रे. आरती वळतली खंय?" आरतीला पाच-सहा कडवी असतात. चाल वर चढून, फिरून, धरपदावर उतरायला हवी. त्या गाण्यात चढायला जिनाच नव्हता. पोरांनी थोडी खटपट केली आणि शेवटी लता-रफीच्या एका जुन्या गाण्यावर आरती बसली. कुणी भाषण दिलं नाही, संस्कृती बुडाली म्हणून रडलं नाही. कामाला आली ती चाल घेतली.

तुम्ही म्हणाल, बघा, सिद्ध झालं. थांबा. 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या नाटकाचं संगीत आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं. त्यावर २०१५ साली सिनेमा आला आणि ज्यांनी नाट्यगृहाचं तोंड बघितलं नव्हतं ती मुलं 'घेई छंद' गाऊ लागली. हे जुन्याचं पुनरागमन झालं. पण त्याच सिनेमात शंकर-एहसान-लॉय यांनी एक कोरं गाणं दिलं, 'सूर निरागस हो'. आज कुठल्याही कार्यक्रमाला जा, सुरुवातीला काय गातात? शाळेतली मुलं, बायकांची भजनी मंडळं, गाण्याच्या क्लासातली नवशिकी. आज या कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपल्या मुलींनी तेच म्हटलं! कित्येकांना ते परंपरागत वाटतं. दहा वर्षांत गाणं निनावी होण्याच्या वाटेला लागतं, यापेक्षा मोठा प्रभाव कुठला असतो? त्याला चढ आहे, उतार आहे, समूहाने गाता येतं, पेटीवर बसतं. म्हणजे होतं, आजही होतं.

अडचण आणखी एक आहे, ती नव्या पोरांनी केलेली नाही. पूर्वी नवं गाणं नव्या गाण्यांशी झगडायचं. आता त्याला सगळ्या भूतकाळाशी झगडावं लागतं, कारण सगळंच एका बोटावर आहे. अमेरिकेत २०२१ साली ऐकल्या गेलेल्या संगीतात सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा 'जुन्या' गाण्यांचा होता. तिथे जुनं म्हणजे दीड वर्षापूर्वीचं, हे ऐकून मला हसू आलं होतं. आपल्याकडे ख्रिस पेरी आणि लोर्नाची जुनी कोंकणी गाणी 'नाचूंया कुंपासार' या सिनेमामुळे पुन्हा घरोघर आली, आणि ती ऐकत नाचणारी मुलं त्या गाण्यांनंतर तीस वर्षांनी जन्मलेली. नव्या कोंकणी गायकाला आता लोर्नाशी स्पर्धा आहे. बिचाऱ्याने करायचं काय?

माझं मत विचाराल तर, गीतरामायणाएवढा एकाच वेळी सगळ्या घरांत शिरणारा प्रभाव आता कुणाच्याच वाट्याला येणार नाही, आणि त्यासाठी नव्या गायकांना बोल लावणं अन्यायाचं आहे. पण हातांच्या बाबतीत आपण काही करू शकतो. आजही पणजी-मडगावात मुलं व्हायोलिन, पियानो शिकतात, परीक्षा देतात. पुढे हॉटेलात वाजवतात, क्रूझवर जातात. दुसरीकडे आपलीच पोरं घरच्या खोलीत लॅपटॉपवर गाणी करतायत, तयार सॅम्पलची व्हायोलिनं लावून. हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. या तालुक्यात तरी त्यांची ओळख करून द्यायला कुणी मुंबईला जायची गरज नाही. आपल्या वाचनालयाची वरची खोली रविवारी रिकामी असते, असं मघाशी सचिवच म्हणाले.

आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकांपासून सुरू करा, पुढच्यांची मतं मला माहीत आहेत.