अलिबागच्या वाटेनं हिब्रू

नमस्कार श्रोतेहो.

हिब्रू शिकायची म्हटली की डोळ्यांपुढे जेरुसलेम येतं. मी मात्र आज तुम्हाला अलिबागकडे नेणार आहे. मराठी माणसासाठी या भाषेची वाट तिकडून जाते.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते, की नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. हे कधी घडलं यावर अभ्यासक अजून भांडतात, भांडू देत. कोकणात ही मंडळी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, काही सण आणि ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना, एवढं तोंडोतोंडी टिकलं. वाचता मात्र येत नव्हतं.

आणि हिब्रू नुसती बघून वाचता येत नाही. २२ अक्षरं, सगळी व्यंजनं, उजवीकडून डावीकडे. स्वर दाखवायला टिंबं आणि रेघा असतात, पण तोराह या ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या गुंडाळीत त्याही नाहीत. एका अक्षराच्या उजव्या टोकावर टिंब दिलं की ‘श’, डाव्या टोकावर दिलं की ‘स’. गुंडाळीत टिंबच नसल्यावर ते आधी कानावरून गेलेलं असावं लागतं. त्याच गुंडाळीत ‘शमा’च्या ओळीतली दोन अक्षरं इतरांपेक्षा ठसठशीत मोठी काढतात, पहिल्या शब्दाचं शेवटचं आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं. नवशिक्यानं बोट ठेवावं तर तिथे.

म्हणजे गुरू हवा. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक आले. दुसरीकडे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. त्यांना धर्मांतरं हवी होती, ती फारशी झाली नाहीत. बेने इस्राएलांनी व्याकरण तेवढं घेतलं आणि स्वतःच्या धर्माकडे वळले! मला हा प्रसंग फार आवडतो. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली, आणि १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकारानं मुंबईत समाजाची स्वतःची शाळा निघाली.

त्याच्या आदल्या वर्षी, १८७४ मध्ये, पुण्यात एक हग्गादा छापली गेली. पेसाह या ज्यू सणाच्या रात्री घरोघरी वाचायची, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेची कहाणी, हिब्रूसोबत मराठी. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाची बिनखमिराची भाकर करताहेत. हिब्रू वाचायला सुरुवात करणाऱ्याला मी हग्गादाच सुचवीन, कारण तिच्यात घरातलं धाकटं पोर प्रश्न विचारतं आणि मोठ्यांना उत्तरं द्यावी लागतात.

या वाचनाच्या शेवटी म्हणतात, ‘पुढच्या वर्षी जेरुसलेमात’. तरीही ज्यूंना स्वतःची भूमी मिळवू पाहणाऱ्यांच्या, म्हणजे झायोनिस्टांच्या, १८९७ च्या पहिल्या परिषदेचं निमंत्रण बेने इस्राएलांनी नाकारलं. परतायचं ते देवाच्या हातानं, अशी त्यांची श्रद्धा होती. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर मात्र हजारो कुटुंबं तिकडे गेली. तिथे वेगळंच पुढे आलं: यांचा वंश शुद्ध ज्यू आहे का, म्हणून लग्नं अडवली गेली. आंदोलनं झाली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं हे लोक सर्वार्थानं ज्यू आहेत असं ठरवलं. पिढ्यानपिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना हा दाखला मागावा, याचा राग आजही ऐकू येतो, आणि मला तो रास्त वाटतो.

दिमोना, लोद, अश्दोद इथल्या जुन्या पिढीच्या घरांत मराठी चालते. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. नातवंडांची भाषा मात्र हिब्रू, त्यामुळे त्या घरांत आता मराठीचे धडे द्यावे लागतात.