सोफ्यापासून टीव्हीपर्यंत नऊ फूट

(दृश्य : शोरूम, रांगेने लावलेले टीव्ही)

शोरूममध्ये पडद्यावर पोपटाची पिसं, पानांवरचे दवबिंदू. चमक शेवटपर्यंत वाढवलेली आणि गिऱ्हाईक तीन फुटांवर उभं. इतक्या जवळून फोर-के देखणं दिसतंच. फुल एचडीच्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, यावर ८३ लाख.

(दृश्य : फ्लॅटमधला हॉल, जमिनीवर टेप)

आता हा हॉल बघा, दहा बाय बाराचा. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत नऊ फूट भरतात. टीव्ही ४३ इंची. निरोगी डोळ्याला साधारण अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर असलेले ठिपके सुटे दिसतात. त्या हिशेबाने या आकाराच्या पडद्यावर फुल एचडीचे ठिपकेसुद्धा साडेपाच फुटांपलीकडे एकमेकांत मिसळून जातात. मग फोर-केचा जादा बारकावा सोफ्यावर पोचणार कसा? ६५ इंची घेतला, तरी ही हद्द साडेआठ फुटांपर्यंतच जाते.

(दृश्य : बातम्यांची पट्टी, अगदी जवळून)

आणि रोज संध्याकाळी या पडद्यावर लागतं काय? मालिका, बातम्या. साधं एसडी चॅनल ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम चार लाख. फोर-के पडदा भरायचा तर एका ठिपक्यामागे एकोणीस ठिपके टीव्हीला अंदाजाने रचावे लागतात. या पट्टीवरचा 'क्ष' बघा. गाठ बुजलेली, कडेला करडी झाक. आजोबा धुरकट दिसतंय म्हणतात, तेव्हा दोष चष्म्याचा नसतो.

माझ्या मते पैसे घालावेत ते चमक आणि रंगांसाठी. दहा बिटच्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या १,०२४ छटा मावतात, आठ बिटमध्ये २५६. ढगांआडून येणारं ऊन, दिव्यांनी उजळलेलं अंगण, हा फरक नऊ फुटांवरूनही कळतो. पण नुसतं खोक्यावर एचडीआर, म्हणजे जास्त चमक आणि जास्त छटा दाखवायची सोय, असं छापलेलं पुरत नाही. पॅनेलच मंद असेल, तर उजेड येणार कुठून?

पन्नास इंचांपुढे बहुतेक टीव्ही आता फोर-केच असतात, तो खुशाल घ्या. एट-केसाठी, म्हणजे फोर-केच्या चौपट ठिपक्यांसाठी, मात्र जादा पैसे मोजू नका. वाचलेल्या पैशांत साउंडबार येईल. सडपातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. म्हणून संवाद नीट ऐकू येत नाहीत आणि घरातली म्हातारी माणसं आवाज वाढवत राहतात.