किर्कस्टॉलची देवडी

इंग्लंडमधलं लीड्स शहर. शहराच्या मध्यापासून साधारण पाच किलोमीटरवर, एअर नदीच्या काठी, किर्कस्टॉलचा मठ उभा आहे. छप्पर नाही. मनोऱ्याचा बराचसा भाग १७७९ साली कोसळला.

सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू इथे आले ११५२ साली. त्याआधीची पाच वर्षं बार्नोल्ड्सविकला काढलेली. तिथे पावसानं पिकं नासली, गावकऱ्यांशी वाद झाले, शेवटी मुक्काम हलवला. अंगावर रंग न दिलेल्या लोकरीचा झगा. मेंढ्या पाळायच्या आणि लोकर थेट इटलीच्या व्यापाऱ्यांना विकायची. लोकरीच्या कापडावर पुढे हे सगळं शहर मोठं झालं.

२२ नोव्हेंबर १५३९. राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला. छपरावरचं शिसं उतरवलं गेलं, आणि मग पावसाला अडवणारं कोणी राहिलं नाही. लोकांनी दगडही नेले. लीड्सचा रस्ता तर मठाच्या चर्चच्या मधल्या दालनातून जाऊ लागला. जिथे स्तोत्रं म्हटली जायची तिथून १८२७ पर्यंत गाड्या जात होत्या. ऐकताना आजही पोटात कालवतं.

आता रस्ता ओलांडून या. हे ॲबी हाउस, म्हणजे मठाची देवडी, बाराव्या शतकातली. शेवटचे मठाधिपती मठ सुटल्यावर इथेच राहिले, असं सांगतात. चर्च उघडं पडलं, पण देवडी टिकली, कारण तिच्यात कोणी ना कोणी राहत होतं. कमानीची तोंडं बांधून घेतली आणि येण्याजाण्याच्या वाटेचा दिवाणखाना झाला. इथे उभं राहून जरा वर बघा. या दगडी कमानीखालून मठाच्या गाड्या आत यायच्या.

१९२७ पासून या देवडीत संग्रहालय आहे. राजेरजवाड्यांचं इथे फारसं काही नाही. आत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लीड्सचे रस्ते उभे केलेत: औषधवाला, लोखंडी सामानाचं दुकान, दारूचा गुत्ता. एका गल्लीला सिस्टर्शियन पंथाच्या संस्थापकांपैकी एक, स्टीफन हार्डिंग, यांचं नाव दिलंय.

याच गल्लीत एक छोटंसं घर आहे. एका विधवा धोबिणीचं. लोकांचे कपडे धुवायचे आणि त्यावर घर चालवायचं. कामाची जागा आणि राहायची जागा एकच. दारातून वाकून बघितलं की एका नजरेत तिचा सगळा संसार मावतो.